उद्या काय खोडतील

मंगळवार, ११ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार असशील, तर एवढा एक परिच्छेद वाच आणि मग फाड. भिंगरीला तुझी गरज आहे. मला नाही, तिला. ती आता चौदाची आहे. तुझ्या डाव्या गालावर जिथे ती तपकिरी जन्मखूण आहे, तिथेच तिच्याही आहे. तूच तिला पाळण्यात बघून म्हणाली होतीस, "माझी मोहोर उठलीय हिच्यावर." त्या खुणेवरून शाळेतल्या पोरांनी फोनवर तिचा छळ मांडलाय, आणि मला फार भीती वाटते आहे.

फोन केला नाही, कारण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. सहा वर्षं झाली, मला माहीत आहे. पत्र निदान परत आलं तर कळतं तरी. शिवाय हल्ली फोन हातात घेतला की माझीच बोटं गार पडतात.

काय झालं ते सांगते. जूनमध्ये शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो निघाले. ते काम आमच्याच स्टुडिओकडे असतं. चारशे बारा मुलं, तीन दिवस, मान वर कर, मान खाली कर. कार्डं वाटली गेली तेव्हा भिंगरीच्या फोटोत गालावरची खूण नव्हती. मशीनमध्ये काहीतरी आपोआप झालं असावं. बाकी सगळ्या मुलांचे मुरूम, ओरखडे, फुटलेले ओठ जसेच्या तसे, आणि हिचाच गाल गुळगुळीत. वर्गातल्या कुणीतरी सहलीचा फोटो आणि कार्डावरचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकला आणि खाली लिहिलं, "यातली खरी कोण?" भिंगरी वर्गात उभी राहिली आणि शपथ घेऊन म्हणाली की मी काही केलं नाही, आईनं काही केलं नाही, मशीननं झालं. दोन दिवसांत तिचं नाव पडलं खोडरबर.

मग त्या नावानं एक पान उघडलं. शाळा सुटली की रोज चार वाजता तिथे तिचा फोटो येतो आणि त्यातलं काहीतरी खोडलेलं असतं. पहिल्या दिवशी एक भुवई. दुसऱ्या दिवशी कान. खाली विचारतात, "उद्या काय खोडायचं?" आणि मुलं उत्तरं देतात, ताई. ओळखीची मुलं. दुकानात येऊन मला काकू म्हणणारी मुलं. एकीनं लिहिलंय, "सगळीच खोडा, बाकावर जागा होईल." त्याला एकशे सहा जणांनी हसून दाखवलंय.

आठ दिवस झाले ती शाळेत गेलेली नाही. केस गालावर ओढून घेते आणि भिंतीकडे तोंड करून जेवते. जेवते म्हणजे ताट चिवडते. मी फोन काढून घेतला तर दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दारात उभी, "चार वाजता एकच मिनिट द्याल का?" दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं झालंय तिचं. हे म्हणतात, "फोन फोडून टाक." टँकर चालवणाऱ्या माणसाला सगळ्या अडचणी रस्त्यातल्या दगडासारख्या वाटतात, उतरायचं आणि बाजूला करायचं. आणि सांगून झालं की पुन्हा महिनाभर रस्त्यावर.

परवा रविवारी आम्ही दोघी भांडी पुसत होतो. ती ताटलीकडे बघत म्हणाली, "आई, मी नसले तर तुम्हाला खोली मोठी होईल ना?" रागानं नाही, रडून नाही. पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा असं विचारावं तशी. त्या दिवशी मी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आणि घरातली औषधं दुकानात नेऊन ठेवली.

तिला दोन ओळी लिही. तू सगळा दिवस तिकीटखिडकीत बसतेस, हजार माणसं तुझ्या तोंडाकडे बघून तिकीट मागतात. ते कसं जमतं एवढंच तिला लिही. माझ्याबद्दल काही लिहायची गरज नाही.

तुझी धाकटी


गुरुवार, २० सप्टेंबर

ताई,

पत्र परत आलं नाही म्हणजे तुझ्याकडे आहे. उत्तरही नाही. चालेल. तुझा राग मला लहानपणापासून पाठ आहे, तू रागावलीस की कपाटं आवरायचीस. तुझं घर सध्या आरशासारखं असेल.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिकांना भेटले. बाई चांगल्या आहेत. त्यांनी दोनच दिवसांत शोधून काढलं, दोन मुली आणि एक मुलगा. आईबापांना बोलावलं. त्यातला मुलगा इतका रडला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. तो म्हणाला, "मला वाटलं ती पण हसत असेल." तिघांनी माफीची पत्रं लिहिली आणि पान बंद केलं. मी देवाचे आभार मानले, घरी येऊन भिंगरीला सांगितलं, "संपलं हं सगळं." ती म्हणाली, "बरं."

चौथ्या दिवशी नवीन पान उघडलं. त्याच नावाचं, शेवटी एक आकडा जोडलेला. तिघांचे फोन तेव्हा मुख्याध्यापिकांच्या कपाटात होते, त्यामुळे ते नव्हेत. हे दुसरंच कोणी आहे आणि हे फार हुशार आहे. आधीचं काम पोरकट होतं, नुसतं पांढरं फासलेलं. आता मात्र सफाई आहे. नाक काढलं तर नाकाच्या जागी नुसती कातडी, जणू तिथे कधी नाक नव्हतंच. काल तोंड गेलं. आता तिच्या चेहऱ्यावर दोन डोळे आणि तेवढी ती खूण उरलीय. नेमकी खूण मात्र ठेवलीय, बघ. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभी असते आणि डोक्यात हाच हिशोब चालू असतो, आता काय उरलं, अजून किती दिवस.

तिला डॉक्टरीणबाईंकडे नेते आहे, मुलांच्या मनाचं बघतात त्या. त्या म्हणाल्या, तिला एकटी ठेवू नका, पण पहाराही करू नका. आता या दोन्हीच्या मध्ये कुठे उभं राहायचं ते मला कळत नाही. मी दाराशी उभी राहते आणि काहीतरी शोधत असल्याचं सोंग करते. काल ती म्हणाली, "आई, कात्री स्वयंपाकघरात नाहीये. तूच लपवलीयेस." खरं होतं ते.

मागच्या पत्रात एक गोष्ट तुला खोटी लिहिली. मशीननं काही केलं नव्हतं. मशीन स्वतःहून कुणाच्या गालाला हात लावत नाही. मी केलं.

मुद्दाम बसून केलं असंही नाही. शाळेचा नियम असतो, ओळखपत्रावर चेहऱ्याला हात लावायचा नाही, मागचा पडदा फक्त सारखा करायचा. चारशे अकरा मुलांना मी हात लावला नाही. भिंगरीचा फोटो पडद्यावर आला आणि हात आपोआप गेला. कानाखालची कातडी उचलली, गालावर ठेवली, पुढचा फोटो. अर्धं मिनिट. वीस वर्षं लोक मला "जरा बरं करा" म्हणून पैसे देतात, आणि मी माझ्या पोरीला फुकटात बरं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तेव्हा वाटलं. कार्डं वाटल्यावर तिनं विचारलं, "आई, हे तू केलंस?" मी भाजी निवडत होते. वर न बघता म्हणाले, "मशीनमध्ये झालं असेल."

आणि तीच वाक्यं तिनं वर्गात उभं राहून शपथेवर सांगितली. ती खोटी ठरली आणि मी गप्प बसले. खरं सांगितलं तर ती मला कधी माफ करणार नाही, याची भीती वाटते. आणि नाही सांगितलं तर काय होईल याची तर त्याहून वाटते.

धाकटी


बुधवार, २६ सप्टेंबर

ताई,

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

पोलिसांत तक्रार द्यायची म्हणून त्यांनी त्या पानावरच्या फोटोंच्या प्रती मागितल्या होत्या. आज दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि एकेक फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. आजवर मी ते घाईघाईत, एक डोळा मिटून बघत आले होते. आज कामाचे म्हणून बघितले.

नाकाच्या जागची कातडी कानाखालून घेतलेली आहे. सगळे जण कपाळावरून घेतात, स्टुडिओच्या जुन्या मालकांनीही मला कपाळावरूनच शिकवलं होतं. पण कपाळ चकाकतं. म्हणून मी कानाखालून घ्यायला लागले, तिथली कातडी उन्हातही सारखी राहते. आणि ती उलटी करून ठेवायची म्हणजे उजेड बरोबर पडतो. आणि शेवटी एक बारीकसा केस राहू द्यायचा, नाहीतर गाल प्लॅस्टिकचा दिसतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. ही माझी खोड आहे. प्रत्येक फोटोत तो एक केस आहे, ताई.

पहिल्यांदा मला वाटलं की मीच झोपेत केलं की काय. खरंच वाटलं. माणूस घाबरला की काहीही वाटतं.

हे मी जन्मात एकाच माणसाला शिकवलंय. दहा वर्षांची होती, सुट्टीत घरी कोणी नसायचं म्हणून दुकानात आणायचे. उंच स्टुलावर उशी ठेवून बसायची आणि मला म्हणायची, "आता मी करते, तू फक्त बघ."

दुसरं पान तिचं आहे. ती पोरं थांबली आणि तिनं स्वतः सुरू केलं. रोज चार वाजता माझी पोरगी स्वतःलाच थोडी थोडी खोडते आहे आणि खाली जगाला विचारते आहे, उद्या काय.

काल डोळे गेले. खाली लिहिलंय, "उद्या शेवटचं."

आत्ता तीन वाजून वीस मिनिटं झालीत. शेजारीण तिच्याजवळ बसलीय, आत्ताच फोन करून खात्री केली, म्हणाल्या, "आहे, काहीतरी करत बसलीय टेबलाशी, शांत आहे." शांत आहे, हेच मला नको होतं. डॉक्टरीणबाईंनाही कळवलंय, त्या म्हणाल्या, आत्ता घरी जा, तिच्याशी सरळ बोला, संध्याकाळी घेऊन या. आणि मी इथे खुर्चीत बसून तुला लिहिते आहे, कारण मला घरी जायची भीती वाटते. ते लिहून झालं. निघते.


शनिवार, २९ सप्टेंबर

ताई,

ती आहे. हे आधी सांगते. जिवंत आहे, आत्ता माझ्यासमोर पलंगावर झोपलीय, दवाखान्यातून काल घरी सोडलं.

त्या दिवशी चाराला दहा कमी असताना पोचले. शेजारणीला नजरेनंच सांगितलं, त्या उठून गेल्या. भिंगरी माझ्या जुन्या संगणकापुढे बसली होती. तिनं पडदा झाकला नाही. वर्गाचा फोटो होता. तिसरा बाक, तिचा, आणि त्यावर कोणी नाही. मागची खिडकी, भिंत, बाकाची फळी, सगळं इतकं नीट जोडलं होतं की मलाही सांधा सापडला नसता.

"लवकर आलीस," ती म्हणाली.

वाटेत मी पुष्कळ ठरवलं होतं, तिला कसं विचारायचं, कशी मिठी मारायची. त्यातलं काही तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "कार्डावरची खूण मी काढली होती."

"माहितीये."

"कधीपासून?"

"कार्ड हातात आलं तेव्हापासून. कानाखालचं आहे ना ते. केस पण ठेवलायस."

मी खालीच बसले. खुर्ची होती बाजूला, पण जमिनीवर बसले. मी विचारलं, "मग वर्गात शपथ कशाला घेतलीस?"

"तू तेच सांगितलंस ना मला. आणि खरं सांगितलं असतं तर शाळेचं काम गेलं असतं तुझं. चारशे फोटो." मग म्हणाली, "ते मला खोटारडी म्हणायचे तेव्हा मला उलट काही बोलताच यायचं नाही. कारण खोटं तर मी बोललेच होते."

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण इथे शेतानं कुंपणाला वाचवलं, आणि कुंपणाला त्याचा पत्ताही नव्हता. मला वाटत होतं मी तिच्यापासून काहीतरी लपवते आहे. तीन महिने ती मला पाठीशी घालत होती.

मी विचारलं, त्यांनी बंद केल्यावर तू का चालू ठेवलंस. तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ते करायचे तेव्हा रोज भीती वाटायची, उद्या काय खोडतील. रात्रभर तेच. मग ते बंद झालं तरी भीती गेलीच नाही. मी केलं की निदान मला माहीत असतं." आणि मग अगदी साधेपणानं, मला टोचायचं म्हणून नाही, "तशी सुरुवात तूच केलीस ना, आई. मी फक्त पुढचं करत होते."

डॉक्टरीणबाईंनी मला बजावून ठेवलं होतं की आडवळणानं विचारू नका, सरळ विचारा, विचारल्यानं कुणाच्या मनात नवीन काही भरत नाही. म्हणून विचारलं. "तुला जीव द्यावासा वाटतो का?" ती म्हणाली, "कधीकधी. आज वाटत होता." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. तो फोटो तिनं टाकला नाही. पुसलाही नाही. यंत्र तसंच चालू ठेवून आम्ही दोघी चपला घालून निघालो आणि थेट दवाखान्यात गेलो. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं. हे निम्म्या वाटेवरून टँकर दुसऱ्याच्या हाती देऊन आले आणि तिच्या पलंगाशी बसून होते. तिच्या पायाची बोटं दाबत बसले.

आता तुझं राहिलं.

तुझ्या स्थळाला पाठवलेला फोटो मालकांनी नाही केला, मी केला. एकवीस वर्षांची होते, हात नुकता बसला होता, आणि आईनं नुसतं म्हटलं होतं, "जरा उजळ काढ गं." मी खूणच काढून टाकली. ते लोक आले, तुझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे बघितलं, आणि त्यांच्यातली बाई आपल्याच बैठकीत बसून म्हणाली, "फसवणूक म्हणतात याला." ते वाक्य तिनं तुझ्याकडे बघून म्हटलं. तू मान खाली घातलीस. मी दारामागे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मी बाहेर आले असते आणि एक वाक्य बोलले असते तर ती फसवणूक तुझी नसती झाली. सहा वर्षांपूर्वी मालक गेले तेव्हा तू मला सरळ विचारलंस, आणि मी पुन्हा त्या मेलेल्या माणसावर ढकललं. तुला आधीच माहीत होतं, त्यांनीच सांगितलं होतं. तू मला एक संधी देत होतीस. मी तीही घालवली.

भीती तेव्हाही होती. माझी सगळी अक्कल भीतीत जाते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, दोन्हीचा ताप तुलाच. फक्त कबूल करते.

धाकटी


बुधवार, १० ऑक्टोबर

ताई,

आज पोस्टमन आला आणि माझ्या हातात पाकीट दिलं. तुझं अक्षर. नाव भिंगरीचं.

मी ते अर्धा तास हातात घेऊन उभी होते, हे तुला सांगायला हवं. चुलीजवळही एकदा गेले. तू माझ्याबद्दल जे काही लिहिलं असशील ते खरंच असणार, पण ती आत्ता कुठे चार घास खायला लागली आहे. कपाटावरून शाळेची वही उतरवली तरी तिचा श्वास भरून येतो. फोनची घंटा वाजली की अजून खांदे वर जातात. तुझ्या एखाद्या वाक्यानं ती पुन्हा त्या बाकावर जाऊन बसली तर? पाकीट वाफेवर धरून उघडता येतं, आम्ही लहानपणी तुझी पत्रं अशीच वाचायचो, तेही डोक्यात येऊन गेलं.

मग नेऊन दिलं. चिकटवलेलं, जसंच्या तसं.

तिनं विचारलं, "तू वाचलंस?" मी म्हणाले, "नाही. पण मनात आलं होतं." तिनं पाकीट घेतलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. आतून आवाज आला. हसल्याचा होता की रडल्याचा, मला हल्ली कळेनासं झालंय.

अर्ध्या तासानं बाहेर आली. "मावशीनं बोलावलंय. दिवाळखोर असल्यासारखी घरात बसू नकोस म्हणाली." मग म्हणाली, "एकटीला बोलावलंय."

बाकी काय लिहिलं होतंस ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. न विचारणं हे किती जड काम आहे, तुला कल्पना नाही. तिनं मला एकच प्रश्न केला, "मावशी खिडकीत डावा गाल बाहेरच्या बाजूला करून बसते का?" मी म्हणाले मला माहीत नाही. वीस वर्षांत मी तुला कधी कामावर बघायला आले नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी नवसच बोलायचा बाकी ठेवला होता. त्या म्हणाल्या, तुमची बहीण विश्वासाची आहे का? मी म्हणाले, "माझ्यापेक्षा." त्या म्हणाल्या, मग जाऊ द्या, तिथल्या डॉक्टरांना मी कळवते, औषधं चुकवू नका, रोज दोनदा बोलणं. मघाशी शेजारणीच्या फोनवरून लावला तेव्हा तू जे पाच शब्द बोललीस, "रविवारी पाठव, मी उतरवून घेते," ते मी पन्नास वेळा मनात म्हटलेत. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मी "हो" म्हणाले.


रविवार, १४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तिच्याच हाती देते आहे. बस सकाळी आठची आहे, तुझ्याकडे दुपारी दोनला पोचेल. चालकामागच्या बाकावर बसवते, वाहकाला सांगून ठेवलंय, आणि मधल्या थांब्यावर हे उभे राहणार आहेत, त्यांचा टँकर त्याच रस्त्यानं आहे. दोन मिनिटं बसजवळ येऊन तोंड दाखवतील. तिला ते माहीत आहे. आता तिच्यापासून लपवून काही करायचं नाही असं ठरलंय, म्हणून पहारासुद्धा सांगून ठेवतो.

औषधं निळ्या पिशवीत, वेळा चिठ्ठीवर. ती तुझ्याकडे ठेव. सकाळी उठायला वेळ लागतो, उठवू नकोस, आपणहून उठते. जेवताना "अजून घे" म्हणू नकोस. फोन आम्ही काढून घेतला नाही, तिनंच घरी ठेवला, पण मागितला तर तुझा दे. गप्प बसली तर बसू दे. पण फार सहज, हलकं हलकं बोलायला लागली, तर जवळ बस आणि सरळ विचार. शब्द तोंडात अडकतात, तरी विचार.

शाळेत मी गेले होते शुक्रवारी. वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की फोटो मी बदलला, नियम मोडून, आणि ही माझ्यासाठी खोटं बोलली. मुलं ऐकत होती. कोणी हसलं नाही. काम गेलं अर्थात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वाईट वाटतं पण नियम आहे. भिंगरी वर्गात नव्हती, तिला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उशिरा सांगितलंस." मी म्हणाले, हो.

माझं तिच्याकडे बघणं बिघडलंय, ताई. आधी मी तिच्याकडे बघायचे तेव्हा माझे डोळे कामाला लागायचे, काय झाकायचं, काय उजळायचं. आता बघते तेव्हा ती अजून आहे ना, एवढंच बघते. ती म्हणते दोन्ही सारखंच लागतं. म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. तू तिच्याकडे नुसती बघ. मला ते पुन्हा यायला वेळ लागेल.

पाकीट चिकटवलेलं नाही. मुद्दाम.

तर आता तुझ्याशी, भिंगरे. सहा तासांचा रस्ता आहे म्हणजे तू हे उघडणारच, आणि उघडायचंच आहे. वरचं सगळं मी तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी लिहिलंय, महिनाभर लिहीत आलेय, आणि त्यात तुला कधी एक ओळ लिहिली नाही. मला भीती वाटते, पोरी. बस सुटताना वाटेल, तू पोचेपर्यंत वाटेल, तू म्हातारी झालीस तरी वाटत राहील. ती माझी आहे, मी सांभाळीन. तुला ती वाहायची नाही, आणि माझ्यासाठी पुन्हा कधी खोटं बोलायचं नाही. मावशीच्या गावाला उतरलीस की मला सांग, "पोचले." बाकी काही सांगितलं नाहीस तरी चालेल. मी दोन वाजल्यापासून फोनपाशी बसलेली असेन.